पडद्याकडे पाठ

ज्या फिल्मबरोबर मी नांदेड आणि लातूर जिल्ह्यातली गावं फिरले, ती फिल्म मी कधी पुढं बसून पुरती पाहिली नाही. माझी जागा पडद्याच्या खाली, भिंतीला टेकून, तोंड बायांकडे. पडद्यावर काय चाललंय ते मला बायांच्या चेहऱ्यावरून कळायचं. अंधारात पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडायचा. आधी पिवळसर, मग निळा, मग तांबडा. तांबडा पडला की मी पाण्याची कळशी जवळ ओढायची.

सुनंदाताईंनी सांगितलं म्हणून हे लिहिते आहे. सुनंदाताई आमच्या संस्थेच्या. फिल्म संपली की उभं राहून बायांशी बोलायचं काम त्यांचं. संस्थेचा दिवाळीचा अंक निघतो, त्यासाठी त्या म्हणाल्या, "सोजरमावशी, यंदा तुम्ही लिहा. तुम्ही सगळ्यात जास्त वेळा फिल्म पाहिली आहे." मी म्हणाले, "ताई, माझी तर पाठ होती." त्या हसल्या, पण आपलं म्हणणं सोडलं नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी मागं सरकते. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही, एवढं बरं आहे. दुपारी स्वयंपाकघरात बसून लिहिते. घरात कुणाला सांगितलेलं नाही. द्यायचं की नाही ते लिहून झाल्यावर ठरवीन.

फिल्म गर्भपाताची होती. पोटात मुलगी आहे असं मशीनवर बघून लोक पाडतात, ते थांबावं म्हणून केलेली. तिचे दोन भाग होते. पहिल्या भागात पोटातलं लेकरू दिसायचं. हात हलवतंय, अंगठा तोंडात घालतंय, कुशीवर वळतंय. तेवढा वेळ खोलीत बाया हसायच्या, एकमेकींना ढोसायच्या. दुसऱ्या भागात पाडलेलं लेकरू दाखवलं होतं, काही न झाकता. आधी ही फिल्म फक्त नर्सबायांना आणि कॉलेजच्या मुलींना दाखवत. मग वरून ठरलं की सगळ्यांना दाखवायची. सासवांना, सुनांना, पुरुषांना, गावोगाव. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माणसाच्या काळजाला लागत नाही, असं वरच्यांचं म्हणणं होतं. ते खोटं नव्हतं. लागत होतंच. कुणाला लागतंय, ते मात्र आम्हाला आधी सांगता येत नव्हतं.

त्याआधी मी लातुरात एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होते. डॉक्टरीणबाईंनी वय झाल्यावर दवाखाना बंद केला आणि मी घरी बसले. संस्थेला तेव्हा एक बाई पाहिजे होती. बायांच्या खेळात बाया चक्कर येऊन पडत, आणि त्यांना उचलायला खाजाभाईंनी हात लावून कसं चालेल? खाजाभाई नांदेडचे. गाडी तेच चालवायचे आणि फिल्मची मशीनही तेच. त्यांचे वडील जत्रेतल्या तंबूच्या टाकीत, म्हणजे सिनेमात, मशीनवर होते, त्यामुळं आमच्या गाडीला ते "टाकी" म्हणायचे आणि संस्थेच्या साहेबांना "टाकीमालक".

बायांचा खेळ दुपारी ठेवायचा. संध्याकाळी बाईला धार, पाणी, चूल असते. पण दुपारी पडद्यावर चित्र दिसायचं तर खोली काळी करावी लागते. ते काम माझं. माझ्या ट्रंकेत काळ्या कापडाचे तुकडे, सुतळी, खिळे आणि चिंध्या असायच्या. समाजमंदिर नाहीतर शाळेची खोली मिळायची. खिडक्या सोप्या असतात. वरचे झरोके अवघड, तिथं पोत्याची गुंडाळी करून कोंबायची. दाराखालच्या फटीला चिंधी. सगळ्यात शेवटी दाराला आतून कडी आणि वरून घोंगडी. एकदा खेळ सुरू झाला की दार उघडायचं नाही, हा खाजाभाईंचा नियम होता. दार उघडलं की पडद्यावरचं चित्र धुतल्यासारखं जातं, आणि बाहेर दाराला चिकटलेली गावातली पोरं आत घुसतात.

दुसरा नियम असा की पोटुशी बाई आत घ्यायची नाही. हा नियम संस्थेनं केला नव्हता, गावानंच केला होता. दिवस गेलेल्या बाईनं वंगाळ बघू नये, चांगलं बघावं. म्हणून तर घरोघरी बाळकृष्णाचं कॅलेंडर तिच्या अंथरुणासमोर लावतात. मी दारात उभी राहायची. दवाखान्यात वर्षं गेली होती, बाईच्या चालीवरून अंदाज यायचा. कानाजवळ जाऊन म्हणायची, "माय, तू घरी जा." ती लाजून मागच्या मागं फिरायची.

या कामात तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटली. नायगावला पुरुषांचा खेळ झाला, तेव्हा इस्त्रीच्या कपड्यातला एक माणूस शेवटपर्यंत मान हलवत बसला होता. मला वाटलं, याला पटलं. सगळे गेल्यावर तो खाजाभाईंजवळ आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, ते आधी कळायची मशीन म्हणतात ती कुठं हाय?" खाजाभाई वायर गुंडाळत होते. वर न बघता म्हणाले, "हाय की. पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत. चला, गाडी तिकडंच चालली." तो माणूस चप्पल घालायची विसरून गेला. आम्ही गाडीत खूप हसलो. पण सुनंदाताई हसल्या नाहीत. खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "आपण त्याला पत्ता नाही दिला. पण मशीन आहे, हे आपणच सांगितलं."

किल्लारीला वेगळं झालं. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातलं समाजमंदिर, मोठ्या खिडक्या, मला कापड पुरलं नव्हतं. दुसरा भाग सुरू झाला, तशी पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली. चित्र तिच्या पातळावर पडत होतं. ती ओरडली नाही. म्हणाली, "बंद करा बाई ते. म्या माझी दोन लेकरं दगडाखालनं काढलीती. त्यांची तोंडं अजून मला दिसत्यात. कुणी काहीबी दिलं असतं तरी म्या ती चारचौघांत दाखवली नसती. तुमी ही कुणाची लेकरं दाखवून राहिलात?"

कुणाची, ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. खाजाभाईंनी आपणहून मशीन बंद केली. त्या दिवशी परत लावा असं कुणी म्हणालं नाही.

पण फिल्मनं काहीच केलं नाही असं म्हटलं तर तेही बरोबर होणार नाही. अहमदपूरकडच्या एका गावात दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा एक आजीबाई कमरेवर नात घेऊन दारात आली. म्हणाली, "हिला वळखा. तुमच्या फिल्मच्या आदी हिचं जायचं ठरलंतं." पोरीच्या डोळ्यात काजळ होतं आणि हातात अर्धं बिस्किट. ते तिनं मला दिलं. त्या दिवशी मी सगळ्या खिडक्यांना कापड लावलं ते मनात गाणं म्हणत.

फिल्म संपली की सुनंदाताई बोलायच्या आणि मी ट्रंक भरायची. तेव्हा एखादी बाई कापडाची घडी घालायला म्हणून जवळ यायची. घडी घालता घालता विचारायची, "मावशी, म्या दोन महिन्याचं धुऊन घेतलंतं. रगत थांबंना म्हून डॉक्टरच म्हणला. त्यालाबी हात असतील का?" दुसरी म्हणायची, "माझं तर आपोआप पडलं, तरी पाप लागतं का वं?" अंगणात सुनंदाताई कायदा सांगत असायच्या. बेकायदेशीर काय, आणि बाईच्या जिवासाठी कायदा काय करू देतो, दोन्ही सांगायच्या. पण तोवर अर्ध्या बाया उठून गेलेल्या असायच्या. डोळ्यांनी पाहिलेलं घेऊन त्या घरी जायच्या, आणि सांगितलेलं अंगणातच राहायचं. मी घडी घालणाऱ्या बाईला एवढंच म्हणायची, "न्हाई माय, तुझं तसलं न्हाई." तिला ते पुरत होतं की नाही, मला माहीत नाही.

आता रेणुकाचं सांगते. बाकीचं सगळं मी तिच्यापर्यंत यायला सांगितलं.

बिलोलीच्या पुढं, तेलंगणाच्या बाजूला एक गाव आहे. तिथं अर्धी माणसं मराठी बोलता बोलता तेलगूत जातात. शाळेच्या खोलीत बायांचा खेळ होता. गर्दी एवढी की दारापासून पडद्यापर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती. एक झरोका सारखा उघडत होता, म्हणून मी बाकावर चढून तिथं पोतं कोंबत होते. तेवढ्यात एक सासू आपल्या सुनेला घेऊन आत आली आणि मागच्या भिंतीला बसली. सुनेच्या अंगावर सासूचा पदर होता. मी खाली उतरले, कडी लावली, घोंगडी सोडली आणि माझ्या जागेवर येऊन बसले.

पहिला भाग सुरू झाला. बाया हसायला लागल्या. मागच्या भिंतीची ती सून हसत नव्हती. सासूनं तिची हनुवटी धरून तोंड पडद्याकडे केलं होतं आणि कानात काहीतरी सांगत होती. पदर सरकला होता. पाचवा महिना असेल. मी जागेवरून उठणार, तेवढ्यात पहिला भाग संपत आला. सासूला पुढं काय येतं ते कुणीतरी आधी सांगून ठेवलं असावं, कारण ती लगेच उठली. सुनेला हाताला धरून ओढत म्हणाली, "चल, झालं आपलं. चल लवकर."

पण दारापर्यंत बाया बसलेल्या. कुणाच्या हातावर पाय पडला. मागून आवाज आले, "खाली बसा वं," "गोदाक्का, दार नका उघडू, समदं पांढरं व्हतंय." कुणी तरी त्या दोघींना खांद्याला धरून खालीच बसवलं. पडद्याचा तांबडा उजेड सुनेच्या तोंडावर पडला. तिनं डोळे मिटले नाहीत. मी बाया ओलांडून तिच्यापर्यंत पोहोचले तोवर फिल्म संपली होती.

सासूचं नाव गोदाबाई. सुनेचं रेणुका. मी पाणी दिलं, रेणुकानं घेतलं नाही. गोदाबाई मला खोलीच्या कोपऱ्यात घेऊन गेली. मी दवाखान्यात होते हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणाली, "बाई, नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात दाखीवलं. डॉक्टर म्हणले, लेकराला डोक्याची कवटीच तयार झाली न्हाई. जगायचं न्हाई ते. वरून पोटात पाणी वाढून राहिलंय, हिचं पयलं शिजरचं हाय, ठिवलं तर हिच्या जिवाला धोका हाय म्हणले. भरती व्हायला बोलीवलंय." मग तिचा आवाज अगदी बारीक झाला. "कुणी तरी म्हणलं, तुमच्या फिल्ममंदी धडधाकट लेकरू दावतेत. म्हणलं, ते हिच्या डोळ्याखालून गेलं तर आतलंबी भरून येईल का. कॅलेंडराकडं तर ती रोजच बघती. पण कॅलेंडर हालत न्हाई."

मी ट्रंकेजवळ गेले आणि कापडं कशीतरी कोंबली.

दोन-तीन दिवसांनी आम्ही शेजारच्या गावात होतो. मी खिडकीला खिळा ठोकत होते, तर गोदाबाई जीपमधून उतरून थेट माझ्याजवळ आली. म्हणाली, "पोरगी दवाखान्याला येईना झाली. जेवंना, बोलंना. तुमीच तिच्या डोक्यात घातलं, आता तुमीच काढा."

सुनंदाताईंनी ऐकलं आणि त्या दिवशीचा खेळ रद्द केला. हे मला त्यांचं फार मोठेपण वाटतं, कारण रद्द केलेल्या खेळाचा जाब त्यांनाच द्यावा लागायचा. आम्ही तिघं गाडीत गोदाबाईला घेऊन निघालो.

पत्र्याच्या छपराचं घर होतं, दोन खोल्यांचं. रेणुकाचा नवरा हैदराबादला कंपनीत कामाला, तो फोनवर एवढंच म्हणे की आई म्हणंल तसं करा. तिची लहान मुलगी अंगणात मातीत खेळत होती. रेणुका आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. समोरच्या भिंतीवर ते बाळकृष्णाचं कॅलेंडर. सुनंदाताई तिच्याजवळ खाली बसल्या. त्यांनी चांगलं समजावलं. म्हणाल्या, "ती फिल्म वेगळ्या गोष्टीची आहे गं. निरोगी मुलगी आहे म्हणून जे पाडतात, त्यांच्यासाठी. तुझी गोष्ट वेगळी आहे. यात तुझा दोष नाही, आणि कायद्यानं यात काहीच चूक नाही." रेणुकानं सगळं ऐकलं. मग मान वर करून म्हणाली, "ताई, तुमी आत्ता मला एकटीला सांगून राहिलात. फिल्म साऱ्या गावाला दावलीत."

रेणुका गोदाबाईला आत्या म्हणायची. ती पुढं म्हणाली, "मला एक पोरगी हाय. आता म्या नांदेडहून रिकामी आले की हापशावर बाया काय म्हणतील? दुसरीबी पोरगीच होती, म्हून पाडली. कालच एकजण आत्याला म्हणली, आम्ही समदं पाह्यलंय वं, आम्हाला शिकवू नका. म्या बी पाह्यलंय. ते तसं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. मेले तर मरू द्या."

सुनंदाताई बाहेर जाऊन गोदाबाईला धीर द्यायला लागल्या. मी उठले नाही. रेणुकाच म्हणाली, "मावशी, तुमी दवाखान्यात होता म्हणं. तसलं लेकरू पाह्यलंय का कधी?"

मी म्हणाले, "पाह्यलंय."

"कसं असतंय?"

दवाखान्यात असं कुणी विचारलं की डॉक्टरीणबाई आम्हाला गप्प राहायला सांगत. पण ही माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "हात असतेत, पाय असतेत. तोंड असतंय, नाक, व्हट समदं. कपाळाच्या वर मात्र काही नसतंय. झाल्यावर जित्तं असलं तरी जरासा वेळ."

"रडतंय का?"

"म्या कधी ऐकलं न्हाई."

"फिल्ममधल्यावाणी तुकडे करतेत का?"

"न्हाई. पाचव्या महिन्यात कळा आणतेत, बाळंतपणावाणी. ते सगळंच्या सगळं येतंय. तुला बघायचं असलं तर बघता येतंय."

बाहेर खाजाभाई गाडीला टेकून मुलीला रुमालाचा उंदीर करून दाखवत होते, तिचं हसणं आत येत होतं. रेणुका म्हणाली, "त्यातलं पयलं तेवढं परत दावता का? हाललेलं. आत्यानं तोंड धरलंतं, मला नीट बघताच आलं न्हाई. मागचं न्हाई. पयलंच."

मी खाजाभाईंकडे गेले. ते म्हणाले, "मावशी, ये क्या काम काढले तुम? एकट्या बाईसाठी टाकी? ते पण पोटुशी?" मी म्हणाले, "तिनं मागितलंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. बहुतेक माझा एवढा मोठा आवाज त्यांनी आधी ऐकला नव्हता. सुनंदाताईही ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "खाजाभाई, लावा. पण वेळेवर बंद करा." "बंद तर मैं बराबर करूंगा," ते म्हणाले आणि गाडीतून वायर ओढायला लागले.

मी ती खोली काळी केली. एकच खिडकी होती. दाराला घोंगडी लावली, पण कडी लावली नाही. पत्र्याला खिळ्यांची भोकं होती, त्यातून उन्हाचे कवडसे येत होते. ते काही मला बुजवता आले नाहीत. पडदा लावायला जागा नव्हती, भिंतच पडदा. त्यासाठी कॅलेंडर काढावं लागलं. गोदाबाईनं ते काढून छातीशी धरलं आणि दाराशी उभी राहिली. भिंतीत खिळा तसाच राहिला.

मशीन सुरू झाली. मी सवयीनं भिंतीखाली बसायला गेले, तर रेणुकानं माझा हात धरून आपल्याजवळ बसवलं. म्हणून मी ती फिल्म पहिल्यांदा समोरून पाहिली, तीही अर्धीच. भिंतीला चुना नीट लागलेला नव्हता. त्या खडबडीत भिंतीवर ते लेकरू हळूहळू वळत होतं. त्याच्या मधोमध खिळ्याची सावली आणि अंगावर पत्र्यातून आलेले उन्हाचे ठिपके. त्यानं हात तोंडाकडे नेला. रेणुकानं आपला हात पोटावर ठेवला. ती रडत नव्हती. एखादं दुसऱ्याचं लेकरू कौतुकानं बघावं तसं बघत होती.

"ह्याला डोकं हाय," ती म्हणाली.

"हाव," मी म्हणाले.

"हे कुणाचंतरी चांगलं लेकरू हाय. माझं न्हाई."

खाजाभाईंनी बरोबर तिथं मशीन बंद केली. खोलीत नुसते पत्र्याचे ठिपके राहिले. रेणुका म्हणाली, "मला माझं बघायचंय. तुमी येता का दवाखान्यात?"

मी गेले. पण ते सांगायच्या आधी आमच्या कामाचं सांगून टाकते.

फिल्म कापायला संस्थेत कुणी तयार झालं नाही. सुनंदाताई दोनदा बोलल्या, त्यांना सांगण्यात आलं की काळजाला लागतं तोच भाग काढला तर उरतं काय. ते आजही तसंच आहे. आम्ही आमच्यापुरतं एवढं केलं की कायद्याचं बोलणं फिल्मच्या आधी घेतलं, आणि दाराची कडी काढली. पहिला भाग संपला की खाजाभाई मशीन थांबवतात. मी घोंगडी वर करून दार पूर्ण उघडते आणि म्हणते, "पुढचं वंगाळ हाय. ज्यांना जायचं त्यांनी जावा, कुणी कुणाला काय विचारू नका." उजेड आत येतो, पोरं डोकावतात, खाजाभाई तोंड फिरवून घेतात. काही बाया उठून जातात. आधी मला वाटायचं की ज्या जातात त्यांच्याच घरी काहीतरी झालेलं असणार. आता तसं वाटत नाही. मी जाणाऱ्यांच्या तोंडाकडे बघतही नाही, घोंगडी धरून उभी राहते.

नांदेडच्या दवाखान्यात रेणुकाला कळा आणल्या. मी तिच्या उशाशी होते. गोदाबाई बाहेर व्हरांड्यात बसून सुईदोऱ्यानं काहीतरी शिवत होती. मला वाटलं, मन रमवायला फाटकं शिवते आहे. लेकरू आलं तेव्हा नर्सबाईंनी ते कापडात घेतलं. मी जुनी आया आहे हे त्यांना सांगितलं होतं, त्यांनी माझ्या हातात दिलं. हललं नाही. अंग माझ्या हाताच्या पंजाएवढं. मी डोक्यावर कापड घेतच होते, तेवढ्यात दार ढकलून गोदाबाई आत आली आणि तिनं माझ्यापुढं हात केला. हातात एक बारकी कुंची होती, तिच्याच जुन्या हिरव्या लुगड्याची. लेकराच्या डोक्यावरून पाठीपर्यंत येते तशी, गळ्याशी बंद असलेली. एवढी लहान कुंची मी कधी पाहिली नव्हती.

मी ती घातली. बंद बांधला. डोकं सगळं झाकलं गेलं आणि कुंचीतून फक्त तोंड दिसायला लागलं. नाक, मिटलेले डोळे, ओठ. हनुवटी अगदी गोदाबाईची. मी ते रेणुकाच्या छातीवर ठेवलं. तिनं बोटानं त्याचा गाल हळूच दाबला आणि म्हणाली, "आत्या, तुमच्यावाणी हाय." गोदाबाईनं पदर तोंडात धरला आणि मान हलवली.

दवाखान्यात इतकी वर्षं मी बाळंतिणीच्या खोलीतून बाहेर आले की पहिला प्रश्न एकच असायचा, काय झालं. त्या दिवशी तो प्रश्न रेणुकानं विचारला नाही, गोदाबाईनं विचारला नाही. मी सांगितलं नाही.

रेणुकाला दवाखान्यातच ठेवून घेतलं होतं. सुनंदाताई तिच्याजवळ थांबल्या. लेकराला शेताच्या बांधाला पुरायचं म्हणून गोदाबाई ते मांडीवर घेऊन गाडीत बसली. खाजाभाईंनी गाडी अगदी सावकाश चालवली. गावात शिरलो तर हापशावर बाया होत्या. गाडी ओळखीची, फिल्मची. एक बाई घागर तशीच ठेवून खिडकीजवळ आली. तिनं आत मांडीवरचं गाठोडं पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "गोदाक्का, काय होतं वं?"

सगळ्या बाया इकडं बघत होत्या. गोदाबाईनं कुंचीचा बंद जरा सारखा केला.

"लेकरू होतं," ती म्हणाली, आणि खाजाभाईंना म्हणाली, "चला भाऊ, बांधाकडं घ्या."